येणाऱ्यापुरती मर्यादा

सकाळी पावणेआठला मी सर्व्हर रूमचे कुलूप उघडत असे. आधी एसीखालची बादली पाहायची. रात्रभर थेंब थेंब पडून ती काठोकाठ भरलेली असे. ती बाहेरच्या कडुनिंबाला ओतायची, पुन्हा जागेवर ठेवायची. मग बॅटऱ्यांच्या खोलीचे दार उघडून वास घ्यायचा. जळका वास नसेल तर दार लावून घ्यायचे. त्यानंतर खुर्चीवर बसून फायरवॉलचा, म्हणजे नेटच्या दारावरच्या राखणीचा, ग्राफ उघडायचा. बाहेरून महाविद्यालयात येणारी माहिती निळ्या रेषेत दिसे, येथून बाहेर जाणारी हिरव्या. आठच्या सुमारास दोन्ही रेषा जमिनीला टेकलेल्या असत. सव्वाआठला निळी रेषा थोडी उठे, अर्धा तास एकाच उंचीवर चाले आणि पुन्हा खाली बसे. खरी चढण दहाला सुरू होई. अकरा वाजता रेषा वरच्या कडेला जाऊन चिकटे ती संध्याकाळी पाचपर्यंत तेथेच राही.

सन २०११ मधली ही गोष्ट. बालाघाटाच्या पठारावर देवखडक नावाच्या तालुक्याच्या गावी आमचे अभियांत्रिकी महाविद्यालय होते. मशीन दोनशे दहा आणि बाहेरून येणारी लाइन अवघी चार एमबीची. मी सत्तावीस वर्षांचा, नेटवर्कचा प्रमुख. माझ्या हाताखाली एकच तंत्रज्ञ होता, मुजीब शेख.

"सर, आपलं नेट म्हणजे लग्नातली पंगत," चहाचा कप पुढे करीत मुजीब म्हणायचा. "पहिल्या पंगतीला जिलबी, शेवटच्याला नुसता भात. आन् तोबी करपलेला."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्य बिडवे यांनी मला बोलावून घेतले. ऑक्टोबरच्या मध्याला तपासणी समिती येणार होती. तिच्यासाठी रोज ढीगभर कागद ऑनलाइन पाठवायचे, उतरवून घ्यायचे होते, आणि प्राचार्यांच्या मशीनवर एक पान उघडायला चार-चार मिनिटे लागत होती.

"हंचाटे, पोरं काय उतरवून घेतात कोण जाणे," ते म्हणाले. "येणारं पाणी मोजून सोडता येत नाही का?"

"येतं, सर. फक्त पाण्यासारखं नाही. बाहेरचा माणूस किती पाठवतो ते आपल्या हातात नसतं. दारात आलेलं जास्तीचं आपण टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला पोच मिळाली नाही की तो आपोआप हात आखडता घेतो."

"म्हणजे पैसे मोजून मागवलेलं दारातच फेकायचं?"

"थोडंसंच, सर. दोन दिवसांत शिस्त लागते."

"लावा मग," बिडवे म्हणाले. "आणि हे बघा, माझं तेवढं..."

"तुमचं मशीन मोकळंच ठेवतो, सर."

मी दोन दिवस बसून नियम बांधले. मला ते काम मनापासून आवडले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. सर्व मशीनचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गात कसलीच मर्यादा नसलेली पाच मशीन काढली: प्राचार्यांचे, कार्यालयाचे, परीक्षा विभागाचे, समितीचे काम चाललेले एक आणि माझे स्वतःचे. माझे कशासाठी, असे कोणी विचारले नाही, म्हणून मीही स्वतःला विचारले नाही. मर्यादा फक्त येणाऱ्यावर घातली. जाणारे एवढे थोडे होते की त्याला हात लावण्याची गरज नव्हती.

तिसऱ्या, सर्वांत कडक मर्यादेच्या वर्गात कोण घालायचे हे ठरवण्यासाठी मी महिन्याची बेरीज काढली. सर्वांत जास्त ओढणाऱ्या दहा मशीनमध्ये एक नाव मला विचित्र वाटले. वर्कशॉप, मशीन नंबर चौदा. रोज सव्वाआठ ते पावणेनऊ. सगळे व्हिडिओ.

"वर्कशॉपमध्ये सकाळी सकाळी पिक्चर कोण बघतंय?" मुजीबने माझ्या खांद्यावरून पाहत विचारले. वर्कशॉप मैदानापलीकडे होते. आमचे तिकडे महिन्यातून एकदा जाणे. "विचारून येऊ का, सर?"

"कशाला? नियम सगळ्यांना सारखा. चौसष्ट केबीवर ठेव."

"चौसष्टमध्ये व्हिडिओ तुटंल की."

"तुटू दे. आवाज नीट येईल. बोलायचं असेल तर बोलता येईल, बघायचं असेल त्यानं घरी बघावं."

वाट रिकामी असेल तेव्हा मर्यादा आपोआप सैल व्हावी, अशी सोय त्या फायरवॉलमध्ये होती. सकाळी सव्वाआठला आमची लाइन जवळजवळ रिकामी असे, हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. ती सोय जोडायला आणखी अर्धा तास लागला असता. मी तो दिला नाही.

नियम लागू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी महारुद्र पांचाळ माझ्या दारात येऊन उभे राहिले. ते वर्कशॉपमध्ये सुतारकामाचे निदेशक होते. पन्नाशीचे, बुटके, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात घडीची पट्टी. सगळे महाविद्यालय त्यांना पांचाळमामा म्हणत असे. ते मात्र माझ्यासारख्या पोरसवदा माणसालाही 'सर' म्हणत आणि समोर बसत नसत.

"या मामा, बसा."

"नको सर, हातापायाला भुसा हाय." ते उंबऱ्यातच राहिले. "ते आपलं... नेट जरा मंद झालंय का?"

"सगळ्यांचंच केलंय, मामा. समिती येणार आहे ना. तुमचं मशीन कोणतं? चौदा?"

"व्हय. जुन्या प्राचार्य साहेबांनी परवानगी दिल्ती तोंडी. कामाच्या येळेच्या आदी बसतो आमी. तास चालू व्हायच्या आत उठतो."

त्यांना वाटले होते, मी परवानगीबद्दल विचारतो आहे. मी हसलो.

"परवानगीचं काही नाही हो. बोलणं होतंय ना पण? आवाज येतो?"

पांचाळमामा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले.

"आवाज..." ते म्हणाले. "आवाजाचं न्हाई सर. ते चित्र जरा..."

"चित्र थांबणारच. नियमच तसा आहे. आणि बोलायला चित्र कशाला लागतं, मामा? आमच्या लहानपणी एसटीडीवर बोलायचोच की आपण. तोंड कुठं दिसायचं?"

मुजीब मागे हसला. पांचाळमामाही हसल्यासारखे झाले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुन्हा कानावर ठेवली.

"सगळ्यांनाच हाय म्हना की."

"सगळ्यांना. सारखाच."

"मग काय," ते म्हणाले. "सगळ्यांना हाय तर हाय." आणि मैदान ओलांडून परत गेले.

त्या आठवड्याच्या बैठकीत प्राचार्यांनी माझे नाव घेऊन कौतुक केले. पाने झटकन उघडू लागली होती. निळी रेषा आता वरच्या कडेला चिकटत नसे. तिच्यावर बोटभर मोकळी जागा राही. मी तो ग्राफ छापून भिंतीवर लावला. सव्वाआठचा उंचवटा आता दिसेनासा झाला होता, पण आकडे उघडले की कळे: चौदा नंबरचे मशीन रोज त्याच वेळी सुरू होई आणि चौसष्टच्या छताखाली अर्धा तास धडपडत राही. नंतर अर्ध्या तासाची वीस मिनिटे झाली. मग दहा. मग एक दिवस चार. बाराव्या दिवशी त्या मशीनपुढे शून्य आले आणि शून्यच राहिले.

"आलं वठणीवर," मी मुजीबला म्हणालो.

ऑक्टोबरच्या आरंभी मला केबल बांधण्यासाठी एक लाकडी चौकट हवी होती. मापाचा कागद घेऊन मी दुपारी वर्कशॉपमध्ये गेलो. जेवणाची सुट्टी होती, यंत्रे बंद होती. टोकाच्या बाकाजवळ पांचाळमामा डबा उघडून बसले होते. शेजारी त्यांची पत्नी होती, नागरबाई, आणि एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी. नागरबाई आणि मुलगी बोलत होत्या. मला ते कळायला थोडा वेळ लागला, कारण आवाज नव्हता. हात चालले होते. नागरबाईंची बोटे हनुवटीवर, कपाळावर, मनगटावर टेकत आणि निघत होती. मुलगी मध्येच तोंड वाकडे करून कोणाची तरी नक्कल करीत होती आणि नागरबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"या सर," पांचाळमामा उठले. "ही आमची शीलू. सत्यशीला. ऐकू येत न्हाई तिला, जन्मापासनं."

मुलीने हात जोडले. मीही जोडले.

"कुठं असते?"

"हुती इंदूरला. अशा मुलांचं कालिज हाय थितं. जूनमधी घातलं. मोठ्या मिनतवारीनं नंबर लागला हुता." डब्याचे झाकण ते उगाच फिरवत राहिले. "आली परत. धा दिस झाले."

"का? आवडलं नाही?"

"आवडलं न्हाई असं न्हाई. तिथली खुणांची भाषा येगळी पडली, सर. शाळंतली असती ती. हिला आमच्या घरच्या खुणा. आईनं अन् हिनं मिळून केलेल्या, ल्हानपनापासून. तिथल्या पोरी हसायच्या, अडाणी म्हनायच्या. हळूहळू शिकली असती. मास्तरीनबाई म्हनल्या हुत्या, सहा म्हैने काढा, लेकरू रुळंल. पर सहा म्हैने कुनाशी तरी बोलाया तर पायजे ना मानसानं."

माझ्या हातातला मापाचा कागद मी घडी करू लागलो.

"मोबाइलवर लिहून..."

"मला लिवती की. जेवले, बरी हाय, फी भरली. पर हिच्या आईला अक्षर येत न्हाई. अन् शीलू जे बोलती ते आईशीच. म्हनून रोज सकाळी आनायचो हिच्या आईला हितं, त्या मशीनवर. सव्वाआठ ते पावणेनऊ. काय बोलायच्या दोघी अर्धा अर्धा तास, मलाबी समदं कळायचं न्हाई."

हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रारीचा लवलेश नव्हता. मी कोण आहे आणि त्या मशीनचे काय झाले, हे ते विसरले होते असे नव्हे. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्यांच्या मनातच आलेले नव्हते. ऊन पडते, वीज जाते, तसा नियम आला होता.

नागरबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "सायबाला सांगा की, शेवटी शेवटी काच खराब झाल्ती म्हनून."

"काच?" मी विचारले.

"मशीनची. हिचं तोंड दिसायचं, अन् मग चौकोन चौकोन व्हायचे. हात तर दिसायचेच न्हाईत. धुकं नुसतं. मी रोज पुसायची पदरानं."

मी पांचाळमामांना म्हणालो, "मामा, उद्यापासून ते नीट चालेल. मी आज जाऊन करतो. हिला विचारा, परत जाईल का? दहाच दिवस झालेत. मी तिथल्या प्राचार्यांना फोन करतो, पत्र लिहितो. हजेरीचं बघू."

पांचाळमामांनी लेकीच्या दंडाला हात लावून तिला आपल्याकडे वळवले आणि हातांनी विचारले. त्यांचे हात नागरबाईंइतके सफाईदार नव्हते. रंधा धरणारे हात, एकेक खूण जोर लावून करीत होते. शीलूने शेवटपर्यंत पाहून घेतले. मग तिने उत्तर दिले. ते लांब होते. मध्ये एकदा तिने माझ्याकडे पाहिले, पण रागाने नव्हे. नागरबाई लेकीचे हात पाहता पाहता एकदम खाली बघू लागल्या.

"काय म्हणते?"

पांचाळमामांनी डब्याचे झाकण बसवले.

"म्हनती, मला आई सपष्ट दिसायची. रोजच्यासारखी. तिलाच मी दिसत न्हवते. ती रोज काच पुसायची अन् मी सांगायची, पुसू नको गं, तुझी चूक न्हाई. ते बी तिला दिसायचं न्हाई. म्हनती, ते बघवंना मला. म्हनून शेवटाला फोन लावनंच बंद केलं." त्यांनी डबा बाजूला सारला. "परत जायाचं न्हाई म्हनती. हितं आईला मी दिसते."

येणाऱ्यावर मर्यादा होती, जाणाऱ्यावर नव्हती. मीच तशी ठेवली होती.

मापाचा कागद बाकावर ठेवून निघालो. दारापर्यंत पांचाळमामा सोडायला आले आणि मलाच समजावू लागले, "तुमी मनाला लावून घेऊ नका, सर. सगळ्यांनाच नियम हुता. तुमी तरी काय करनार?"

त्या क्षणी सांगायला हवे होते. मी मान हलवली आणि मैदान ओलांडले.

त्या संध्याकाळी मी चौदा नंबरची मर्यादा काढली. त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मी ग्राफपुढे बसून राहिलो. शीलू घरीच होती, रेषा उठणार नव्हतीच. साडेआठला मी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेलो. पांचाळमामा एकटेच होते, सागवानाच्या पट्टीवर रंधा मारीत होते. माझ्या चौकटीचेच काम चालले होते.

"मामा, थांबा जरा. एक सांगायचंय."

त्यांनी रंधा थांबवला.

"नियम सगळ्यांना सारखा नव्हता. पाच मशीन मोकळी होती. त्यातलं एक माझं होतं. माझ्या मशीनला कसलंही तसं काम नव्हतं. आणि सकाळच्या वेळी लाइन रिकामीच असते. तुमचं बंद करायची गरजच नव्हती. त्या दिवशी तुम्ही दारात आलात, तेव्हा मी विचारलं असतं तर तिथल्या तिथं सोडता आलं असतं."

पांचाळमामांनी पट्टीवरून तळहात फिरवला. लाकडाची एक ढलपी खाली पडली.

"म्हंजी मी सांगितलं असतं, तर?"

"तर त्याच दिवशी झालं असतं."

"मी सांगायलाच आल्तो," ते म्हणाले. "तुमी म्हनलात, बोलाया चित्र कशाला लागतं. आता यावर काय सांगावं, असं झालं मला. लेकीचं असं हाय, तसं हाय, चारचौघांत उगाच..." मग ते माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, "अन् खरं सांगू का सर? मला वाटलं, तुमी शिकलेली मानसं. तुमी बघूनच ठरवलं असंल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो परतवता आला असता, निदान सोसता आला असता.

"बघितलं नव्हतं, मामा."

"हं," ते म्हणाले. त्यांनी पट्टी उलटी करून धार पाहिली. "चौकट संध्याकाळी देतो." आणि त्यांनी रंधा पुन्हा पट्टीवर ठेवला.

शीलू इंदूरला परत गेली नाही. मी तेथे फोन केला, दोन पत्रे लिहिली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जागा देऊ, असे त्यांनी कळवलेही. जून आला तेव्हा परळीचे एक स्थळ आले होते. चांगले घर होते, मुलगाही तिच्यासारखाच. लग्नाला मी गेलो होतो. मंगलाष्टके चालू असताना मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या नागरबाईंचे हात लेकीशी काही बोलत होते आणि मुंडावळ्यांतून शीलू हसत होती. ती सुखी असेल, असे मला वाटते. पण दोन वर्षांनी हातात पदविका घेऊन तिने काय निवडले असते, हे आता कोणालाच, तिलासुद्धा, सांगता येणार नाही. पांचाळमामा त्यानंतर माझ्याशी कधी वाकडे वागले नाहीत. त्यांनी मला 'सर' म्हणणेही सोडले नाही.

पण मला सांगायचे आहे ते त्या सकाळचे. वर्कशॉपमधून मी सर्व्हर रूममध्ये आलो. मुजीब येऊन बसला होता. मी फायरवॉल उघडली आणि नियम एकेक करून पुसू लागलो. तिसरा वर्ग, दुसरा वर्ग, मग मोकळ्या ठेवलेल्या पाचांची यादी.

"सर, काय करताय? अकरा दिवसांवर समिती आली," मुजीब उठून उभा राहिला. "दहा वाजता साहेबांचा फोन येईल बघा."

"येऊ दे. सांग त्यांना, नियम पुन्हा बांधतोय. वेळ लागेल."

"किती?"

"दोनशे दहा मशीन आहेत. रोज दहा धरली, तर तीन आठवडे."

"मशीनला काय करायचंय एवढं? बेरीज तर आहेच की आपल्याकडं."

"बेरीज आहे. कोण बसतं ते नाही."

मुजीबने माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या छापील ग्राफकडे. तो खुर्चीवर बसला आणि त्याने फोन आपल्या बाजूला ओढून घेतला.

कपाटातून मी एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर उभ्या रेघा मारल्या आणि तळमजल्यावर ग्रंथालयात गेलो. दाराजवळच्या पहिल्या मशीनवर एक वयस्क बाई पुस्तकांची नोंद करीत होत्या. त्यांच्या समोरून मी चार वर्षे रोज गेलो होतो आणि त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते. मला वही घेऊन उभे पाहून त्या गडबडीने उठू लागल्या.

"काही चुकलं का, सर?"

"नाही, बसा तुम्ही," मी म्हणालो. "यावर तुम्ही दिवसभर काय काय करता, तेवढं मला दाखवाल का?"

शेजारचे स्टूल ओढून मी त्यांच्याजवळ बसलो.